वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयाच्या जंगलातला कचरा

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयाच्या मागे सागाचे छोटेसे जंगल आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दरवर्षी 2 ऑक्टोबरला तेथे सफाई करतात आणि गोळा झालेला कचरा पाचोळ्यासह पेटवतात. पण दिवाळीपर्यंत सारे पूर्ववत होते. आमचे काय चुकते? – एक प्राध्यापक

उत्तर : पहिली चूक तारखेची आहे. गांधीजयंतीला श्रमदान शोभून दिसते खरे. परंतु पावसाळा नुकताच सरत असल्याने आपल्याकडे तेव्हा गवत गुडघाभर असते, त्यात प्लास्टिकची पन्नी दिसत नाही, आणि घोणस तर पाय पडेपर्यंत दिसत नाही. गवत वाळून बसल्यावर, पण सागाच्या पानगळीने जमीन झाकण्यापूर्वी, म्हणजे साधारण डिसेंबरात सफाई करावी. दुसरी फेरी मृगापूर्वी घ्यावी, कारण पाऊस लागला की बाटल्यांत डास होतात आणि उरलेले प्लास्टिक नाल्यात वाहून जाते.

पाचोळा हा कचरा नव्हे. तो ओल धरून ठेवतो, वाळवी आणि बुरशी त्याची माती करतात. म्हणून खराटा न चालवता हातमोजे घालून चिमट्याने फक्त माणसाने टाकलेले तेवढे वेचावे. जाळणे तर पूर्ण थांबवावे. प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि वाळल्या जंगलात ठिणगी कोणाच्या आटोक्यात राहत नाही.

आता मूळ प्रश्न. यंदा एक पोते अंगणात ओतून विद्यार्थ्यांकडून प्रकारवार मोजून घ्या. माझा अंदाज असा की, खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) ज्या पातळ पन्नीत बांधून मिळतो, तीच सर्वांत जास्त निघेल, आणि तसे निघाले तर वाट जंगलात नव्हे, फाटकाबाहेरच्या पानठेल्याकडे जाते. तंबाखूजन्य पदार्थांविषयीच्या 2003 च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत त्यांची विक्री करता येत नाही. टेप घेऊन अंतर मोजावे आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. (खर्रा खाणारे केवळ विद्यार्थीच असतात, असेही समजू नये, कर्मचारी कक्षाच्या खिडकीखालीही एकदा पाहावे.)

काच आणि बाटल्या भंगारवाला नेतो. पन्नीला तो हात लावत नाही, तेव्हा ती कोरडी करून वेगळ्या पोत्यात भरावी आणि तालुक्याच्या नगर पंचायतीची कचरागाडी ती घेईल का, हे सफाईच्या आधीच विचारून ठेवावे.