टाके ‘लागत’ नाहीत, टाके पडतात

‘डॉक्टरांनी सात टाके लावले’, ‘मला सात टाके लागले’ ही वाक्ये मराठीत चालतात का, आणि ‘टाका’ हा शब्द ‘टाकणे’वरून आला का, असे दोन प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आहे. ही हिंदीची उसनवारी दवाखान्यांतून रोज कानांवर आदळते. मराठीत डॉक्टर टाके घालतात, रुग्णाला टाके पडतात आणि जखम भरून आली की टाके काढतात. ‘टाके घालावे लागले’ यातील ‘लागणे’ गरज दाखवते, ते निराळे.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. ‘धागा आरपार टाकतात म्हणून टाका’ ही व्युत्पत्ती जाणकार म्हणवणारेही बिनदिक्कत सांगतात. त्यांनी जुने कोश उघडलेले नसावेत. तेथे ‘टाकणे’च्या ‘टा’वर अनुस्वार नाही, ‘टांका’च्या ‘टा’वर मात्र आहे. 1962च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले आणि दोन परके शब्द एका घरातले दिसू लागले. त्या अनुस्वाराचे मूळ संस्कृत ‘टङ्क्’ धातूत आहे, आणि धातुपाठाने, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीने, त्याचा अर्थ ‘बन्धन’ असा दिला आहे.

टाका जसा शिंप्याचा तसाच सोनाराचाही आहे, हे येथे विसरून चालणार नाही. दागिन्याची कडी जोडताना सोनार सांध्याला टाकणखार (बोरॅक्स), म्हणजे संस्कृतातील टङ्कण, लावतो. तो उष्णतेने वितळून धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा विरघळवतो, आणि मग वितळलेला टाका, म्हणजे जोडणीचा धातू, सांध्यात सर्वत्र पसरतो. जोडणीच्या या खाराचे नावही त्याच ‘टङ्क्’ धातूचे आहे, असे माझे ठाम मत आहे. सांधणे हाच टाक्याचा मूळ अर्थ. धागा हे त्याचे केवळ एक साधन.

शस्त्रक्रियेत तरी दुसरे काय साधायचे असते? जखमेच्या कडा एकमेकींवर न चढता, आत न वळता, आणि रक्तपुरवठा आवळला न जाता नीट भिडल्या पाहिजेत. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताने आठ शस्त्रकर्मांत ‘सीव्य’ म्हणजे शिवणे गणले, शिवणीचे चार प्रकार सांगितले आणि टाके फार दूर घेतल्यास जखमेच्या कडा दुखतात, फार जवळ घेतल्यास त्या फाटतात, असे बजावले. फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना मोठ्या काळ्या मुंग्यांचा चावा घेऊ द्यावा, मग मुंग्यांची धडे तोडून डोकी तेथेच राहू द्यावीत, असेही तो सांगतो. त्या जोडणीत सुई नाही, धागाही नाही, तरी तिला टाक्याखेरीज दुसरे नाव मला सुचत नाही. आज कातडीवर धातूच्या पिना मारल्या जातात, तेव्हाही रुग्ण घरी येऊन ‘बारा टाके पडले’ असेच सांगतो.