इंधन ‘खर्च झालेलं’ की ‘वापरलेलं’?

चेंबूरच्या एका वाचकांचा प्रश्न: मुलीच्या विज्ञान प्रकल्पात ‘स्पेंट फ्यूएल’ला ‘खर्च झालेलं इंधन’ आणि गॅमा किरणांनी त्याची पडताळणी करण्याच्या पद्धतीला ‘गॅमा छायाचित्रण’ लिहिलंय, चालेल का?

पहिलं चालेल, पण गैरसमज पेरेल. खर्च झालेलं पेट्रोल टाकीत उरत नाही. अणुभट्टीतून काढलेली इंधनकांडी मात्र अख्खीच्या अख्खी बाहेर येते, वजनातही जवळपास तेवढीच, आणि आत गेली होती त्याहून कैक पटींनी किरणोत्सारी होऊन. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला राखेनं पांढरा पडलेला कोळसा विझलाच असेल असं धरून कधी उचलत नाही. आधी तळहाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघतो. म्हणून साधं ‘वापरलेलं इंधन’ बरं. हिंदीत ‘भुक्तशेष ईंधन’ म्हणतात. भुक्तशेष म्हणजे जेवून ताटात उरलेलं, थोडक्यात उष्टं! शब्द जड आहे, पण त्यातला ‘शेष’ मला पटतो. तुमच्या शेजारी ट्रॉम्बेत याच शेषातून प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना १९६४ सालीच सुरू झाला.

‘छायाचित्रण’ मात्र खोडाच. एक्स-रेमध्ये किरण बाहेरून सोडतात आणि हाडाची छाया पडते. इथे बाहेरून काहीच सोडत नाहीत. इंधनातलं सीझियम-१३७ स्वतःच ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण फेकत असतं, अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. परळला बोन स्कॅन करून आलेल्या कुणालाही विचारा: आधी शिरेतून औषध टोचतात, मग अंगातून बाहेर पडणारे किरण कॅमेरा टिपतो. हे त्याच जातीचं.

कांड्यांच्या जुडग्याला मी ‘जुडी’ म्हणेन. मेथीच्या जुडीतून मधल्या चार काड्या कुणी काढून घेतल्या तर वरून कळत नाही, आणि पडताळणीतली, म्हणजे यादीतल्या सगळ्या कांड्या जागेवर आहेत ना हे बघण्यातली, खरी मेख तीच आहे. २०१७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं मान्य केलेलं उपकरण म्हणजे पाण्याखाली ठेवलेलं एक मोठं कडं. जुडी त्याच्या मध्ये धरतात, आतले संवेदक भोवती फिरतात आणि संगणक आडव्या कापाचं चित्र उभं करतो; यालाच ‘टोमोग्राफी’ म्हणतात. जिथे कांडी नाही तिथे ठिपका नाही. मधल्या कांड्यांचे किरण भोवतालच्या युरेनियममध्येच बरेचसे जिरतात, म्हणून तिथलं चित्र धूसर येतं. इंधनातल्याच युरोपियम-१५४ चे जास्त ऊर्जेचे किरण तिथे कामी येतात. फिनलंडमध्ये ओन्कालोला खडकात इंधन पुरण्याआधीच्या पडताळणीसाठी हीच पद्धत निवडलीय, कारण एकदा पुरल्यावर पुन्हा उकरून मोजणं कुठलं!

‘पडताळणी’ तुम्ही नेमकं लिहिलंत. तपासणी कशाचीही होते. पडताळणीला आधी कुणीतरी दिलेली यादी लागते. ‘टोमोग्राफी’ तशीच ठेवा, ती सीटी स्कॅनमधल्या ‘टी’मुळे घरोघरी पोचलीच आहे; ग्रीक ‘टोमोस’ म्हणजे काप. शीर्षक असं करा: ‘वापरलेल्या अणुइंधनाची गॅमा-प्रतिमांनी पडताळणी’.