फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात किनाऱ्याने पायी फिरायचंय. कुठे जावं, काय बघावं?

दापोली तालुक्यात या. आंजर्ले, पाडले, आडे हा पट्टा चाला. माझं गाव तिथलंच, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला. पण सुट्टी टाकण्याआधी पंचांग बघा. बहुतेक मंडळी शनिवार-रविवार साधून येतात, ऐन भरतीला सुरूच्या बनात बसतात आणि किनारा न बघताच परत जातात.

आमच्याकडचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ मिळते. तृतीयेला रात्री सव्वादोन, म्हणजे सहा तासांनी, सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. पुनवेनंतर किंवा अवसेनंतर द्वितीया ते चतुर्थी या सकाळी धरा. उधाणाचे दिवस असतात, पाणी लांब हटतं आणि ऊन तापायच्या आत चालून होतं. एकादशीला सकाळी सव्वाआठला भरती, तेव्हा घरीच पोहे खा.

ऋतू बदलतोय हे झाडांआधी कुरव पक्षी सांगतात. डिसेंबरात त्यांचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक काळसर ठिपका. फेब्रुवारी सरता सरता त्यावर तपकिरी रंग चढू लागतो; काहींचं डोकं अर्धवट रंगवून सोडलेल्या भिंतीसारखं दिसतं. रंग पुरा झाला की हे लडाख-तिबेटच्या तळ्यांकडे विणीला निघतात. चिखल्या या किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्यांच्या छातीवरही याच सुमारास विटकरी पट्टा येतो. दुर्बीण आणाच.

ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. तिथे हालचाल न करता खाली बसा. बोटाच्या पेराहून लहान खेकडा बिळातून येतो, वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतो. तुम्ही हललात की गडप. पुढच्या भरतीत सगळी नक्षी पुसली जाते.

कासवांचं विचाराल, म्हणून सांगतो. ऑलिव्ह रिडलेची अंडी साधारण 45 ते 55 दिवसांत फुटतात, त्यामुळे हे महिने पिल्लांचेच. शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये संरक्षणाचं काम सुरू केलं. आंजर्ल्यालाही घरटी जपतात. पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात, पण त्या दिवशी निघतीलच असं कोणी सांगू शकत नाही. मी तर म्हणेन, कासव दिसलं तर वरकमाई समजा. दोरीच्या आत जाऊ नका, फ्लॅश मारू नका.

किनाऱ्याच्या वर आंब्याचा मोहोर, काजूचा बहर आणि पानं गाळून लाल झालेला पांगारा आहेच. मार्चमध्ये शिमगा आला तर पालखीही बघून घ्या.

खडकांवर अनवाणी चढू नका. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा पात्यासारख्या असतात, जुने बूट घाला. आडे गाठेपर्यंत दहा वाजतात. तिथून परतीला किनारा नको, रस्ता धरा, कारण तोवर पाणी चढायला लागलेलं असतं.