भाव वाढले म्हणून करार रद्द होतो का?

गोदाम बांधून द्यायचं काम ठरलेल्या दराने घेतलं, पुढे लोखंड महागलं, आता त्या दरात काम परवडत नाही. मग करार आपोआप रद्द होतो का, असं तुम्ही विचारलंय. मी दिवाणी दावे चालवतो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

असे पक्षकार बहुधा करार कायदा, १८७२ मधल्या कलम ५६ चा आधार घेऊन येतात. करार झाल्यावर ठरलेली गोष्ट करणं अशक्य किंवा बेकायदा झालं, आणि ते टाळणं काम करायचं वचन देणाऱ्याच्या हातात नव्हतं, तर करार संपतो, असं हे कलम म्हणतं. 'अशक्य' म्हणजे किती अशक्य, यावर सर्वोच्च न्यायालयाचा सत्यव्रत घोष खटल्यातला निकाल आजही पायाभूत मानला जातो. कलकत्त्यात एका कंपनीने १९४० साली प्लॉट विकायला काढले. रस्ते आणि गटारं बांधून मग खरेदीखत करून द्यायचं ठरलं होतं. १९४१ मध्ये युद्धापायी सरकारने ती जमीन लष्करासाठी ताब्यात घेतली. कंपनी म्हणाली, करार संपला, इसार परत घ्या. कोर्टाने कलमाचा अर्थ मोठ्या मनाने लावला: काम अक्षरशः अशक्यच व्हायला हवं असं नाही, कराराचा पायाच उखडला गेला तरी पुरे. पण कंपनी हरली! कामाला मुदत ठरलेली नव्हती, सरकारी ताबा तात्पुरता होता, आणि करार झाला तेव्हाच युद्ध सुरू होतं. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण सही करताना दिसत असलेली जोखीम नंतर 'अनपेक्षित' म्हणून मांडता येत नाही.

महागाईबद्दल तर १९६० चा अलोपी प्रसाद निकालच आहे. लष्कराला तूप पुरवणाऱ्या अडत्यांनी युद्धकाळातल्या परिस्थितीमुळे ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे मागितले, आणि ते नाकारले गेले. २०१७ मध्ये इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांनी केलेला बचावही टिकला नाही. मात्र त्याच निकालात, देशातल्या कोळसा धोरणात झालेल्या बदलापुरता दिलासा त्यांना मिळाला, कारण कायदा बदलला तर काय करायचं हे त्यांच्या करारात लिहिलेलं होतं.

म्हणून आधी करारनामा काढून बसा. दरवाढीचं कलम आहे का? 'फोर्स मेजर'च्या, म्हणजे हाताबाहेरच्या आपत्तीत काय करायचं ते सांगणाऱ्या, कलमात नेमकं काय लिहिलंय? दोन्ही नसतील तर मालकाशी बोला. कलम ६२ प्रमाणे दोघांच्या संमतीने दर बदलता येतो. तो पुरवणी करार करून लेखी घ्या. रागाच्या भरात काम मात्र बंद करू नका. मालक दुसऱ्याकडून काम करून घेईल आणि वरचा खर्च नुकसानभरपाई म्हणून तुमच्याकडे मागेल.

एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही: मालकाने जागा ठरलेल्या तारखेला ताब्यात दिली होती का? त्याच्यामुळे उशीर झाला आणि भाव त्याच काळात चढले असतील, तर भरपाई मागायला वाव आहे. त्यासाठी उशिरा जागा घेताना, भरपाई मागणार असल्याची नोटीस तुम्ही दिलेली असायला हवी (कलम ५५). तो पत्रव्यवहार शोधा आणि कागद घेऊन तुमच्या वकिलांना भेटा.