घाटात डिझेल गाडी ओढत नाही, बाहेरचा एअर फिल्टर बसवू का?

मांजरसुंब्याच्या घाटात गाडी खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दम टाकते म्हणून उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बसवायचा म्हणताय. नका बसवू राव. दीड हजार आरपीएमला इंजिनाला हवा लागतेच किती? तेवढी कंपनीचा फिल्टर आरामात देतो. खालची ओढ येते टर्बोच्या दाबातून, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यातून. उघड्या फिल्टरचा फायदा झालाच तर वरच्या आरपीएमला, वर बॉनेटखालची गरम, विरळ हवा आत जाते ते वेगळंच.

आधी टर्बोकडून इंटरकूलरला (ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी पाइप बघा. माझा क्लॅम्पच्या खालच्या अंगाला बोटभर चिरला होता, वरून दिसायचाच नाही. हात फिरवला तर तेलानं चिकट, आणि रेस दिली की फुस्स! पाइप बदलला अन् गाडी तिसऱ्या गिअरवर घाट चढायला लागली. तो ठीक असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलाय का ते मेकॅनिककडून बघून घ्या.

आणि आपल्याकडची धूळ विसरू नका. उसाच्या ट्रॉल्यांमागं चार दिवस गाडी चालवली की फिल्टर उघडून बघा, मूठभर माती निघंल. हलक्या फिल्टरातून ती आत गेली तर टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा खाते. कागदी फिल्टरच वेळेवर बदला.