ब्रिटनचं जुनं जेट लढाऊ विमान ग्लॉस्टर मिटिअर जास्त धोकादायक होतं की जर्मनीने वापरलेलं अमेरिकन लढाऊ जेट स्टारफायटर?

आकड्यांवर बघितलं तर मिटिअर, जरी 'विधवा बनवणारं विमान' हे नाव स्टारफायटरला पडलं तरी. ब्रिटिश हवाई दलाने जवळपास ८९० मिटिअर गमावली आणि साधारण ४५० पायलट गेले, जर्मनीने ९१६ स्टारफायटरपैकी २९२ गमावली, ११६ पायलट गेले. मिटिअरची दोन्ही इंजिनं पंखांवर लांब लांब होती, त्यामुळे एक बंद पडलं की विमान त्या बाजूला जोरात वळायचं आणि पायलटला पाय ताठ करून रडर (शेपटीवरचं दिशा सांभाळणारं सुकाणू) दाबून धरावं लागायचं, स्पीड कमी झाला तर पायाचा जोरही पुरायचा नाही आणि विमान उलटं व्हायचं. वाईट म्हणजे याची प्रॅक्टिस खरंच एक इंजिन बंद करून द्यायचे, त्यातच कितीतरी तरुण पोरं गेली. आणि मिटिअरच्या ट्रेनिंगसाठीच्या टी.७ या प्रकारात इजेक्शन सीटच (संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणारी सीट) नव्हती!! मला हे सगळ्यात जास्त खटकतं.

पण नुसत्या विमानांच्या संख्येवरून निकाल लावू नका, खरी तुलना दर लाख उड्डाण तासांमागे किती अपघात यावरच होते. शिवाय वापर कसा यावरही खूप असतं, स्पेनने २१ स्टारफायटर १९६५ ते १९७२ उडवली आणि एकही गमावलं नाही, कारण ती मुख्यतः चांगल्या हवामानात, उंचावर उडायची, जर्मनीत तेच विमान बॉम्ब घेऊन ढगाळ हवेत जमिनीलगत पळवायचे.