नागपुरात राहून आंतरराष्ट्रीय संबंध शिकता येईल का?

येईल की. बीएला राज्यशास्त्र घ्या, हा विषय त्यातच येतो. पुढे नागपूर विद्यापीठात राज्यशास्त्रात एमए आहेच. फक्त याच विषयात एमए करायचं तर दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, म्हणजे जेएनयू बघा. तिथलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९५५ चं, म्हणजे खुद्द जेएनयूपेक्षा जुनं. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून.

पण नुसते सिद्धांत घोकू नका, भाऊ. संत्र्याच्या हंगामात सकाळी कळमना मार्केटला चक्कर मारा. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं की वरुड-काटोलच्या मालाचे भाव कसे बसतात, ते अडत्याला विचारा. आमच्या वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं! आणि इंग्रजी वाचन आजपासूनच सुरू करा, मराठीत संदर्भ लवकर संपतात.